न विचारता भरलेला रकाना

१२ जानेवारी

भिंगरे,

पोचल्याचं एका ओळीचं कार्ड मिळालं. त्यात 'पोचले' एवढा एकच शब्द, तोही वाकडा. चार दिवस राहते म्हणून आलीस आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पसार झालीस. दुकानात काम आहे म्हणे. चष्म्यांच्या दुकानात असं काय घडणार होतं दोन दिवसांत? लोक थोडे आंधळेपणाने फिरले असते, एवढंच. मी तुझ्यासाठी बाहेरच्या खोलीतला पलंग हलवला होता, तो एकटीने पुन्हा ढकलत जागेवर नेला. पाठ अजून बोलते आहे.

पत्र दुकानाच्या पत्त्यावरच टाकते आहे, तू सांगितलंस तसं. तुझ्या सासूबाई घरी आलेलं प्रत्येक पाकीट फोडतात, आणि फोन त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकलेला, तेव्हा आपल्या दोघींना बोलायला हाच मार्ग उरला. मला तसंही फोनवर फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणणारी तू आवडत नाहीस.

तुझं तपासणीचं कार्ड जपून ठेव. तिथल्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी दाखव. त्यावर माझं अक्षर आणि माझी सही आहे, त्यावरून ते सगळं उतरवून घेतील, तुझी पुन्हा उलटतपासणी नको. सव्वीस वर्षं मी गरोदर बायकांची नोंदणी करते आहे, पण तुझा फॉर्म भरताना जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. वहिनी गेली तेव्हापासून तुला मी वाढवलं. तुझा रक्तगट, तुझ्या कांजिण्या, कुठल्या इंजेक्शनने अंगावर पुरळ येतं ते, मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात जे गेलं ते, सगळं तोंडपाठ. तू यायच्या आधीच सगळे रकाने भरून ठेवले होते. तुला फक्त वजनकाट्यावर उभी केली. एक चूक दाखव त्यात, म्हणशील ते देईन.

आमच्याकडे नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वयाने तुझ्याएवढ्या. येताना चार प्रश्नांचा कागद घेऊन आल्या. दारू घेता का, घेत असाल तर आठवड्यातून किती वेळा, तंबाखू किंवा गुंगीच्या गोळ्या वगैरे काही चालू आहे का, आणि घरात आणखी कुणी घेतं का. तेसुद्धा बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवून, एकेकीला एकटीला, सावकाश विचारायचं. इथे बाकावर रोज चाळीस बायका, त्यातल्या निम्म्या ओकारी दाबून बसलेल्या. मी सकाळी चहा पिता पिता चाळीसच्या चाळीस फॉर्मवर त्या रकान्यात 'नाही' लिहून मोकळी होते. सव्वीस वर्षांत एकदाही खोडायची वेळ आली नाही. मी बाईंना हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सव्वीस वर्षं विचारलंच नाही." शिकून आलेली माणसं अशीच बोलतात.

सकाळी हात कापतात म्हणत होतीस, ते रक्त कमी असल्यामुळे. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. आणि पुढचं पत्र निदान दहा ओळींचं हवं.

तुझी आत्या


२७ जानेवारी

आत्या,

दहा ओळी मोजून लिहिते, नाहीतर तू कान उपटशील.

मी बरी आहे. काल सासूबाई बरोबर आल्या होत्या दवाखान्यात. तिथल्या सिस्टरने तुझं कार्ड बघितलं, म्हणाली, किती व्यवस्थित भरलंय, आणि सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला काहीही विचारलं नाही. सासूबाई खूश झाल्या. येताना मला डाळिंबं घेऊन दिली.

नवरा पंधरा दिवस बाहेरगावी आहे. कुठल्याशा मोठ्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम चाललंय. दुकानातले काका मला आता फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायला देत नाहीत, काचा पुसायला देतात. परवा एक स्क्रू चार वेळा पडला. काकांनी ट्रे माझ्यासमोरून उचलून स्वतःकडे ठेवला.

एक विचारायचं होतं. आमच्या दुकानात एक बाई आहे, पावत्या करते. तिलाही दिवस गेलेत. ती संध्याकाळी थोडी घेते. म्हणजे दारू. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंच्या कागदावर अशा एखादीने 'हो' म्हटलं तर पुढे काय करतात? सासरी कळवतात का? मूल झाल्यावर काढून घेतात का? तिला विचारायची लाज वाटते म्हणून मी विचारते आहे.

झाल्या दहा ओळी. जास्तच झाल्या.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

त्या पावत्यावाल्या बाईपासून चार हात लांब राहा. पोटात जीव आणि ही बया संध्याकाळी पेला भरते! तू तिची वकिली करत बसू नकोस. काढून घेतात का म्हणून काय विचारतेस? मी असते तर घेतलं असतं. मूल व्हावं म्हणून आपल्याकडे बायका जिवाचं रान करतात, तू स्वतः एक गमावून बसली आहेस, आणि अशा बाईच्या पदरात ते पडतं. अशांना मूल होऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला सांग, आज आणि आत्ता बंद कर म्हणावं. मनात आणलं तर एका दिवसात सुटतं.

असो. तुझ्या हाताचं काय? काकांना सांग, लहान स्क्रू तूच बसवणार. तुझ्यासारखा हलका हात त्यांना मिळायचा नाही. लहानपणी माझ्या घड्याळाचा काटा तू केसाच्या पिनेने बसवला होतास.

बाईंचा कागद अजून कपाटात पडून आहे. त्या रोज विचारतात, मी रोज उद्या म्हणते.

आत्या


२५ फेब्रुवारी

भिंगरे,

तीन आठवडे झाले. दहा नको, एक ओळ लिही.

आत्या


२० मार्च

भिंगरे,

जीव टांगणीला लागला आहे. घरी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या सासूबाई 'पडली आहे जरा' म्हणाल्या. आवाजावरून त्याही काळजीत वाटल्या, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आज मला तुला एक सांगायचं आहे. दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, आजपासून कागदाप्रमाणे विचारायचं, मी शेजारच्या खोलीत आहे. मग काय, नाक मुठीत धरून सुरू केलं. पहिल्या अकरा बायकांना पोपटासारखं विचारलं, अकराजणींनी नाही म्हटलं, आणि मला मनातून बरं वाटलं. बारावी शाळेत शिकवणारी, अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात पुस्तक. तिच्या नवऱ्याला बाहेर बसवलं. मी विचारलं, दारू वगैरे? तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "तुम्ही विचारताय की सांगताय?" मी म्हटलं, म्हणजे? तिने फॉर्मकडे बोट केलं. मी सवयीने सकाळीच तिथे 'नाही' लिहून ठेवलं होतं. "लिहिलंच आहे, तर राहू द्या," म्हणाली आणि पदर सावरून उठली.

मी तिला हाताला धरून बसवलं. तिच्यादेखत ते खोडलं. मग तिने जे सांगितलं ते तुला लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की ती चांगली बाई आहे. बाईंनी तिला अर्धा तास दिला, कुणालाही कळवलं नाही, ओरडल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्या पायांनी परत आली. आणि मी मात्र त्या दिवसापासून जेवायला बसले की घास फिरतो.

भिंगरे, माझ्या मनात एक पाल चुकचुकते आहे. तुझं सत्तावीस जानेवारीचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. सकाळी कापणारे हात. दुसऱ्याच दिवशी निघून जाणं. तुझ्या दुकानात तू, काका आणि दारावरचा म्हातारा एवढीच माणसं आहेत, असं तू मागे लिहिलं होतंस. पावत्या काका स्वतः करतात.

ती बाई कोण आहे?

आत्या


२७ मार्च

आत्या,

मीच.

हे लिहून एक तास झाला. काका जेवायला गेले आहेत, तेवढ्यात संपवते.

पहिलं गेलं, त्यानंतर सुरू झालं. सगळे म्हणाले, लहान वय आहे, पुन्हा होईल. तूही म्हणालीस. आठ दिवसांनी मी दुकानात यायला लागले, आणि संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की छातीवर कुणीतरी बसायचं. नवरा कामावर, सासूबाई टीव्हीसमोर. त्याच्या कपाटात एक बाटली होती, कुणीतरी भेट दिलेली. पहिल्या दिवशी अर्धा पेला. ती संपल्यावर मी स्वतः जाऊन आणली. चष्मे पुसायच्या पाण्याच्या निळ्या बाटल्या असतात ना, त्यात भरून ठेवते. कुणाला संशय येत नाही. हल्ली सकाळीही थोडी लागते, हात थांबावे म्हणून.

दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी फक्त एकच ठरवलं. आत्याकडे जायचं. तिथे ती मला तो प्रश्न विचारेल, सगळ्यांना विचारतात, आणि मी हो म्हणेन. आपण होऊन सांगायचं माझ्यात बळ नव्हतं, पण विचारलं असतंस तर सांगितलं असतं. गाडीत मी तेच घोकत होते. तू मला खुर्चीत बसवलंस आणि फॉर्म पुढे केलास, बघ, एक चूक दाखव. त्या रकान्यात तुझ्या सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं, खाली तुझी सही. तू इतकी आनंदात होतीस. मी म्हटलं, छान आहे. आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

मग इथे त्यांनी तेच उतरवून घेतलं. आता दोन दवाखान्यांत लिहिलेलं आहे की मी घेत नाही.

तुझं तीन फेब्रुवारीचं पत्र वाचून मी खरंच बंद केली. एका दिवसात सुटतं म्हणालीस ना. दुसऱ्या दिवशी अंगाला पाण्यासारखा घाम, तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या फ्रेमा हलताना दिसायला लागल्या आणि मी काउंटरमागे पडले. काकांनी पाणी मारलं. घरी गेल्यावर निळी बाटली उघडली आणि पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. तेव्हा मला कळलं की मी कोण आहे. त्यानंतर तुला काय लिहिणार होते?

बाळ आता हलतं. संध्याकाळी मी घेतली की थोड्या वेळाने ते शांत होतं. मला ते शांत होणं सहन होत नाही.

तुझ्या मते अशा बाईला मूल होऊ नये. मलाही तसंच वाटतं. पण ते आहे आत्या, आणि त्याचा काही दोष नाही.

भिंगरी


३१ मार्च, बसमध्ये

माझ्या भिंगरे,

हे पत्र टपालाने येणार नाही, मीच तुझ्या हातात देणार आहे. समोर बसून हे मला बोलता यायचं नाही. तू वाचशील तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असेन. अक्षर हलतंय ते बसमुळे.

दुकानात फोन करून काकांना सांगितलं आहे की मी येईपर्यंत तुला एकटीला सोडू नका. का, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. म्हणाले, "या तुम्ही, मी दुकान लवकर बंद करतो."

पहिली गोष्ट, माझं ते वाक्य खोटं होतं. एका दिवसात सुटत नाही. रोजची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, आईच्या जिवावर बेतू शकतं आणि बाळाच्याही. हे मला माहीत होतं. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे माहीत असतं. पण मी त्या दिवशी सिस्टर म्हणून लिहीतच नव्हते, मी वरच्या पायरीवर उभी राहून लिहीत होते. तुझं काही झालं असतं तर ते माझ्या त्या ओळीने झालं असतं. म्हणून आता आपण होऊन थांबवू नकोस आणि लपवूही नकोस. दवाखान्यात दाखल करून, औषधं देऊन, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून थांबवतात. आमच्या बाई तुमच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत. उद्या सकाळी नऊला आपण जायचं.

दुसरी गोष्ट, बाईंना मी सगळं सांगितलं. माझ्या सहीचा खोटा रकाना, आणि कुणाचा, तेही. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली.

तुला मूल होऊ नये असं मी लिहिलं. हे परत घेता येत नाही, कारण तू वाचलेलं आहेस. मला फक्त एवढंच कळतं की तू एवढ्या लांबून माझ्याकडे आलीस, आणि मी तुला ओळखते या घमेंडीत तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला क्षमा करायची घाई करू नकोस.

आत्या


१९ मे

आत्या,

तू गेल्यावर अकरा दिवस मी दवाखान्यातच होते. पहिले चार दिवस वाईट गेले, ते लिहीत नाही. मग हात थांबले. घरी आल्यावर काकांनी मला एक स्क्रू आणि एक फ्रेम दिली, आणि स्वतः मुद्दाम पाठ करून उभे राहिले. पहिल्याच खेपेला बसला.

नवऱ्याला मीच सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या निळ्या बाटल्या शोधून काढल्या, अगदी मी विसरलेल्यासुद्धा, आणि मोरीत ओतल्या. सासूबाईंना अजून 'अशक्तपणाचं औषध' एवढंच माहीत आहे. त्या ओळखून असाव्यात. फोन मात्र त्यांनी आपल्या खुर्चीपासून हलवून मधल्या टेबलावर ठेवला आहे.

एक सांगायचं आहे, आणि तू न विचारता सांगते आहे. अकरा मेला मी घेतली. नवरा कामाला परत गेला, त्या संध्याकाळी. एक पेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन सांगितलं. वाटलं होतं की हाकलून देतील. सिस्टरने तारीख लिहून घेतली आणि म्हणाली, बरं झालं आलात, आता उद्याही या. बारा तारखेपासून पुन्हा पहिला दिवस धरला आहे.

मला आठवतो तो एक एप्रिल. सिस्टर नवीन फॉर्म भरायला घेत होती, तू म्हणालीस, हा मी भरते, फक्त हिला एकदा विचारू द्या. नवऱ्याला बाहेर पाठवलंस. चष्मा लावलास. आणि मला, जिला तू न्हाऊमाखू घातलंस तिला, म्हणालीस, "तुम्ही दारू घेता का?" मला हसू आलं आणि तिथेच रडायला आलं. तू थांबलीस. पेन टेकवलंच नाहीस. मी बोलेपर्यंत ते तसंच हवेत धरून होतीस.

बाळाचं वजन कमी आहे म्हणतात. बाकी आत्ताच काही सांगता येत नाही.

भिंगरी


२६ मे

भिंगरे,

अकरा मेचं सांगितलंस, म्हणून आज मला जेवण गेलं. पुन्हा कधी घेतलीस तरी सांग. नाही घेतलीस तरी सांग.

कागद आता मी रोज वापरते. सकाळचा चहा नुसता चहा म्हणून पिते, हातात पेन घेत नाही. दोन महिन्यांत नऊ बायकांनी हो म्हटलं. एकीच्या खोकल्याच्या औषधाच्या दिवसाला दोन बाटल्या. एकीने सांगितलं, मी नाही, पण नवरा घेतो आणि मग मारतो, तो चौथा प्रश्न. मी काल जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघडलं. सव्वीस वर्षांच्या वह्या, सगळीकडे माझंच अक्षर, तो रकाना वरपासून खालपर्यंत एकसारखा. त्यात तुझ्यासारख्या किती होत्या ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. मी कपाट लावून टाकलं आणि जमिनीवरच बसून राहिले. बाईंनी चहा आणून दिला.

जुलैत रजा टाकली आहे, बाळंतपणाला मीच तुझ्याकडे येते. पलंग हलवायला आता माझी पाठ तयार आहे.

आत्या


३० ऑगस्ट

आत्या,

तू गेल्यावर घर फार मोठं वाटतंय. सासूबाईंनाही. तू असताना तुमच्यात तीनदा भांडण झालं, आता त्या विचारतात, पुन्हा कधी येणार.

आज दीड महिन्याची तपासणी होती. ठकी आता तीन किलो दोनशे. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर होती, ते आठवून नवऱ्याने वजनकाट्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वाढ चांगली आहे, पण हिला शाळेत जाईपर्यंत अधूनमधून दाखवत राहायचं. काही निघेलही, काही निघणारही नाही. मी विचारलं, माझ्यामुळे? ते म्हणाले, कदाचित. खोटं बोलले नाहीत, ते बरं वाटलं. बाहेर येऊन मी ठकीला छातीशी धरून बराच वेळ जिन्यात उभी राहिले. ती ढिम्म झोपली होती.

मग माझा फॉर्म. सिस्टर नवीन होती, खोलीत गर्दी, बाहेर बाक भरलेला. मी खुर्चीत बसेपर्यंत तिचं पेन खालपर्यंत गेलं होतं. शेवटच्या रकान्यावर आलं तेव्हा मी कागदावर हात ठेवला. ती दचकली. मी म्हटलं, "आधी विचारा."

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच वर बघितलं. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि विचारलं.

मी म्हटलं, "नाही. एकशे दहा दिवस झाले."

भिंगरी